कणभौतिकीच्या डेटासाठी रूट शिकावं की पायथनवरच भागवावं?

कोडकीडा

नमस्कार मंडळी. मी पोटापाण्यासाठी डेटा इंजिनिअर आहे. भौतिकशास्त्राशी संबंध कॉलेजात तुटला तो तुटलाच. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचं ओपन डेटा पोर्टल चाळताना तिथल्या सीएमएस प्रयोगाची २०१२ सालची एक फाइल सापडली: दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) दिसले की नोंद करणाऱ्या ट्रिगरचा डेटा, सहा कोटींहून जास्त इव्हेंट, आकार जेमतेम दोन जीबीच्या आसपास. म्हटलं, हे तर आपलं रोजचंच काम. पायथनच्या पांडाज लायब्ररीत ओढू आणि आलेख काढू.

तर फाइलचं स्वरूप रूट, म्हणजे सर्नच्याच त्या नावाच्या विश्लेषण-सॉफ्टवेअरचं. पांडाजला तिचा गंधही नाही. शोधाशोध करून अपरूट नावाच्या लायब्ररीने ती उघडली. आत पाहतो तर एक कॉलम 'इव्हेंटमध्ये म्युऑन किती' हे सांगणारा, आणि पुढे पीटी (झोताला आडवा संवेग), ईटा आणि फाय (दिशेचे दोन कोन), वस्तुमान, विद्युतभार असे कॉलम, ज्यांच्या प्रत्येक ओळीत एक अख्खी यादी! कुठे दोन आकडे, कुठे चार, कुठे एकही नाही. हे डेटाफ्रेममध्ये कोंबलं की प्रत्येक खाना पायथनचा ऑब्जेक्ट होतो आणि मशीन गुडघे टेकतं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा: या वाटेला जायचं तर सी प्लस प्लसवालं रूट शिकणं भाग आहे, की पायथनच्या लायब्रऱ्यांवर निभावतं? आणि एक मत, राग नसावा. ही मंडळी बाकीच्या जगापासून फटकून बसली आहेत असं वाटतं. पार्केसारखं सर्वमान्य फाइल-स्वरूप असताना स्वतःचं वेगळं संस्थान कशाला?

तिरपागडे

शेवटच्या परिच्छेदात काडी टाकलीत. सतरंजी अंथरली आहे, सी प्लस प्लसवाले आले की उठवा.

निमिषार्ध

कोडकीडा, तुमची अडचण नवख्याची नाही, या डेटाचा स्वभावच तसा आहे. एक टक्कर म्हणजे एक इव्हेंट. त्यातून किती म्युऑन निघतील, किती जेट (कणांचे फवारे) निघतील हे आधी कुणीच सांगू शकत नाही. चौकोनी तक्त्यात हे बसवायचं तर एकतर रिकाम्या जागा शून्यांनी भरा, नाहीतर प्रत्येक म्युऑनची वेगळी ओळ करून इव्हेंट क्रमांक पुन्हा पुन्हा लिहा. पहिल्यात मेमरी वाया, दुसऱ्यात प्रत्येक हिशोबाला ग्रुपबाय, म्हणजे ओळींचे इव्हेंटवार गट पाडत बसा. त्यात म्युऑन आणि जेट यांचा परस्परांशी संबंध लावायचा म्हटलं की संपलंच.

ऑकवर्ड ॲरे ही लायब्ररी याच दुखण्यावर बेतलेली आहे. तिची युक्ती कागदावर करून पाहा. समजा तीन इव्हेंट आहेत आणि त्यांत अनुक्रमे २, ० आणि ३ म्युऑन. पाचही पीटी एकापाठोपाठ एका सपाट ॲरेमध्ये ठेवायच्या. शेजारी दुसरा छोटा ॲरे: ०, २, २, ५. पहिला इव्हेंट म्हणजे ० पासून २ च्या आधीपर्यंत, दुसरा २ पासून २ पर्यंत म्हणजे रिकामा, तिसरा २ पासून ५ च्या आधीपर्यंत. बस. याद्या कुठेच नाहीत, दोन सपाट ॲरे आहेत आणि सगळी आकडेमोड त्यांच्यावर कंपाइल केलेल्या कोडने होते. फाइलच्या आतही जवळपास अशीच मांडणी असते, म्हणून वाचणंही झटपट.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर अपरूटने वाचा, ऑकवर्डने 'नेमके दोन म्युऑन आणि विद्युतभार विरुद्ध' अशी चाळणी लावा, वेक्टर लायब्ररीने दोघांचे चतुःसदिश (ऊर्जा आणि संवेगाचे तीन घटक) बेरजेला घाला आणि वस्तुमान विचारा. फक्त सगळी फाइल एका घासात वाचू नका. सहा कोटी इव्हेंट उलगडले, वर हिशोबातले मधले ॲरे आले, की दोन जीबीचे किती जीबी होतात ते कळणारही नाही. अपरूटमध्ये तुकड्या-तुकड्याने वाचायची सोय आहे, ती वापरा.

जुनाखोंड

तिरपागडे, उठा. आलो.

'फटकून' या शब्दावर आधी बोलतो. रूटचं काम सुरू झालं १९९४-९५ च्या सुमारास, सर्नमध्ये, एनए४९ या प्रयोगाच्या निमित्ताने. रने ब्रून आणि फोन्स राडेमाकर्स हे दोघे मूळ कर्ते. त्याआधी फोर्ट्रानचं राज्य होतं: आलेखांसाठी पॉ, हिस्टोग्रामसाठी एचबुक, डेटा मांडायला झेब्रा. रूटने सी प्लस प्लसचे ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहायला घेतले आणि टीट्री नावाची रचना आणली. टीट्रीत प्रत्येक राशीची वेगळी फांदी. तिचे आकडे टोपलीत एकत्र जमा होतात, टोपली भरली की दाबून डिस्कवर. त्यामुळे हजार राशींपैकी तुम्हाला फक्त पीटी हवी असेल तर तेवढ्याच टोपल्या उघडाव्या लागतात.

यालाच आता कॉलमनुसार साठवण म्हणतात ना? पार्केची पहिली आवृत्ती २०१३ ची. तोवर हिग्ज बोसॉनची घोषणा होऊन गेली होती (४ जुलै २०१२) आणि ती विश्लेषणं याच स्वरूपातल्या फाइलींवर झाली होती. तेव्हा कोण कुणापासून फटकून होतं हे ज्याचं त्याने ठरवावं.

शून्यवत

+१. जुनाखोंड, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

कोडकीडा

निमिषार्ध, ०, २, २, ५ ने डोक्यात प्रकाश पडला, धन्यवाद. जुनाखोंड, इतिहास मान्य. पण 'आम्ही आधी केलं' आणि 'म्हणून इतरांनाही वापरता येईल असं ठेवलं नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. फटकून हा शब्द मी मागे घेत नाही. :)

बायनरीबुवा

रूटबद्दल बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर पंधरा वर्षांपूर्वीचं रूट असतं. तेव्हा सी प्लस प्लसच्या ओळी टाइप करून लगेच चालवायला सिंट नावाचा इंटरप्रिटर होता आणि त्याला भाषेचे कितीतरी कोपरे कळायचे नाहीत. रूट ६ पासून त्याच्या जागी क्लिंग आला, जो क्लँग आणि एलएलव्हीएमवर उभा आहे. म्हणजे खरा कंपायलरच तुमची ओळ तिथल्या तिथे कंपाइल करून चालवतो. याच जोरावर पायथनमधून सी प्लस प्लसचे वर्ग थेट वापरता येतात. तेव्हा 'रूट की पायथन' हा प्रश्नच जरा चुकीचा मांडला गेलाय. रूट पायथनमधून चालतं.

कोडकीडा, तुमच्यासारख्याने आरडेटाफ्रेम पाहावं. चाळणी लावा, नवा कॉलम व्याख्या करून घ्या, हिस्टोग्राम मागा. सगळं फक्त नोंदवलं जातं, लगेच काहीच चालत नाही. पहिला निकाल प्रत्यक्ष विचारलात की एकदाच फाइलभर फेरी होते आणि नोंदवलेले सगळे हिस्टोग्राम भरून मिळतात. वर एक ओळ लिहून मल्टिथ्रेडिंग चालू करता येतं, बाकी कोडला हात लावायला नको. मेमरीचं जे भय निमिषार्ध यांनी दाखवलं ते इथे नाहीच, कारण इव्हेंट येतात आणि जातात.

एक खाचखळगा: पहिला हिस्टोग्राम काढून झाल्यावर मग दुसरा नोंदवलात तर फेरी दुसऱ्यांदा होते. आधी सगळं नोंदवा, मग निकाल मागा. 'आरडेटाफ्रेम हळू आहे' म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे एक ठरलेलं कारण असतं.

आणि हो, तुमचीच फाइल रूटच्या अधिकृत उदाहरणांमध्ये आरडेटाफ्रेमचा धडा म्हणून सोडवलेली आहे.

निमिषार्ध

बुवा, आरडेटाफ्रेम उत्तम आहे, वाद नाही. पण नवख्या माणसाला रूट देताना त्याच्या जुन्या सवयींची कल्पनाही द्यावी. फाइल उघडल्यावर हिस्टोग्राम तयार केलात तर तो त्या उघड्या फाइलच्या मालकीचा होतो. फाइल बंद केली की हिस्टोग्रामही गेला! पायथनमध्ये तुमच्या हातात नाव उरतं, नावामागे काही नाही. उपाय एका ओळीचा, त्याची डिरेक्टरी शून्य करायची. पण ही ओळ कुणीतरी सांगेपर्यंत कळत नाही. शिवाय रूटमध्ये हिस्टोग्रामचे खाने १ पासून मोजतात, ० हा खाना मर्यादेच्या खाली पडलेल्यांचा आणि शेवटच्याच्या पुढचा वर सांडलेल्यांचा. पायथनच्या सवयीने ० पासून लूप चालवलात तर आलेख एका खान्याने सरकतो आणि दिसायला अगदी बरोबर दिसतो.

तिरपागडे

दिसायला अगदी बरोबर. हे ज्याच्या त्याच्या थडग्यावर कोरावं असं वाक्य आहे.

बायनरीबुवा

सांडलेल्यांचे खाने ही सोय आहे हो, खोड नाही. एकूण बेरीज जुळते. पायथनच्या नमपाय लायब्ररीचा हिस्टोग्राम मर्यादेबाहेरचे आकडे मुकाट्याने टाकून देतो, ते कुठलं चांगलं?

आकडेमोड

बुवांशी इथे सहमत, आणि नमपायच्या हिस्टोग्रामवर माझा आणखी एक राग आहे. तो फक्त बेरीज हातात देतो. त्या बेरजेची अनिश्चितता किती, हा भौतिकशास्त्रातला निम्मा प्रश्न, तो मात्र तुम्ही तुमचा पाहा.

खऱ्या डेटात खान्यात शंभर इव्हेंट असतील तर अनिश्चितता वर्गमूळाने १०, इथवर सगळ्यांना येतं. पण सिम्युलेशनच्या इव्हेंटना वजनं असतात. शंभर इव्हेंट, प्रत्येकाचं वजन २, तर खान्याची उंची २००. अनिश्चितता २०० चं वर्गमूळ म्हणजे १४ नव्हे. वजनांच्या वर्गांची बेरीज ४००, तिचं वर्गमूळ २०. काही जनरेटर (टकरींचं सिम्युलेशन करणारे प्रोग्राम) तर उणे वजनंही देतात. म्हणून हिस्टोग्रामने वजनांची बेरीज आणि वर्गांची बेरीज दोन्ही सांभाळायला हव्यात. पायथनमध्ये बूस्ट-हिस्टोग्राम आणि त्यावर बसवलेली हिस्ट ही लायब्ररी ते करते, सांडलेल्यांचे खानेही ठेवते. रूटमध्ये हे सुरुवातीपासून आहे.

फिटिंगचंही तसंच. सायपायने वक्र बसवता येतो, पण मिन्यूइटची गंमत वेगळी. फ्रेड जेम्स यांनी सत्तरच्या दशकात फोर्ट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्राम, पुढे सी प्लस प्लसमध्ये आला, आणि आज पायथनमधून आयमिन्यूइट म्हणून तोच वापरतात. त्यातलं मिग्राड डेटा आणि वक्र यांच्यातली तफावत सर्वात कमी होते तो तळ शोधतं, हेसे तळाजवळच्या वक्रतेवरून अनिश्चितता काढतं, आणि मिनोस प्रत्यक्ष दोन्ही बाजूंना चढून पाहतं, म्हणून अधिक आणि उणे बाजू वेगळ्या आल्या तर त्या तशाच सांगतं. एकच काळजी: काय-स्क्वेअर (अनिश्चिततेच्या मापात मोजलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) कमीत कमी करत असाल तर चढण १ ची, लाइकलिहूडचा (वक्र खरा धरला तर हाच डेटा मिळण्याच्या शक्यतेचा) उणे लॉग असेल तर अर्ध्याची. हे उलटंपालटं झालं तर उत्तर तेच येतं, अनिश्चितता मात्र साफ चुकते. आयमिन्यूइटमधली तयार कॉस्ट फंक्शनं वापरली तर हा आकडा तीच भरतात.

शून्यवत

पन्नास वर्षं एकच मिनिमायझर? आमच्याकडे फ्रंटएंडची फ्रेमवर्क दर सहामाहीला मरते.

वाटसरू

जरा अवांतर. मी रेडिएशन थेरपीच्या हिशोबाच्या क्षेत्रात काम करते. कणभौतिकीवाल्यांची जिआंट४ ही लायब्ररी आम्ही रोज वापरतो. पदार्थातून कण जाताना काय काय होईल, कुठे ऊर्जा सोडेल, कुठे वळेल, काय उधळेल, याचं पाऊल-दर-पाऊल सिम्युलेशन. १९९८ मध्ये पहिली आवृत्ती आली, फोर्ट्रानमधल्या जिआंट३ ची जागा घ्यायला. उद्देश डिटेक्टरचा, पण पदार्थाला काय फरक पडतो, तो डिटेक्टर आहे की शरीर! आज पेट स्कॅनरच्या रचनेसाठी गेट आणि प्रोटॉन थेरपीसाठी टोपास ही साधनं याच जिआंट४ वर उभी आहेत. अवकाशयानातल्या इलेक्ट्रॉनिक्सला किती किरणोत्सर्ग सोसावा लागेल हेही यानेच काढतात.

कोडकीडा यांचं 'संस्थान' वाचून म्हणूनच हसू आलं. आम्ही त्या संस्थानचे आश्रित आहोत आणि आमचं बरं चाललंय.

लांबउडी

वाटसरू, मस्त माहिती. परवान्याचं काय असतं? कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये हे घालता येतं का?

जुनाखोंड

सरसकट उत्तर नाही. पिथिया, म्हणजे टकरी घडवणारा जनरेटर, जीपीएल (जोडून वाटलंत तर तुमचाही कोड खुला करा म्हणणारा परवाना). रूट त्याहून सैल अशा एलजीपीएलखाली आहे. जेट शोधणारी फास्टजेटही जीपीएल. जिआंट४ चा स्वतःचा वेगळा परवाना आहे, बराच मोकळा. आणि सायकिट-हेप या छत्रीखालच्या अपरूट, ऑकवर्ड वगैरे पायथन लायब्रऱ्या बहुतेक बीएसडी, म्हणजे जवळपास मोकळ्या. जीपीएलवालं काही प्रॉडक्टमध्ये जोडून विकायचं असेल तर आधी वकिलाला विचारा, धाग्यावर नको.

शंकासुर

सगळं छान. माझी शंका निराळी. या लायब्रऱ्या लिहितं कोण? पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक. त्यांचं मोल ठरतं शोधनिबंधांवर, कोडवर नाही. नोकरी बदलली की माणूस गेला, लायब्ररी अनाथ. रूटमागे निदान सर्न आहे. पायथनच्या डझनभर लायब्रऱ्यांवर दहा वर्षांचं विश्लेषण टांगायचं धाडस कुणी करावं? अपरूटचंच पाहा: २०२० च्या अखेरीस चौथी आवृत्ती आली, तिच्यासोबत ऑकवर्डही नवी, आणि जुना कोड सगळ्यांनी पुन्हा लिहिला. २०२२ च्या अखेरीस ऑकवर्डची दुसरी आवृत्ती. परत तेच.

निमिषार्ध

शंकासुर, मुद्दा खरा आहे. पहिल्या भागापुरता. पण ऑकवर्डची ती पहिली मांडणी टाकून नवी केली नसती तर ती आज या वेगाने चालली नसती. आणि लायब्रऱ्या लहान असण्याचा फायदाही आहे. मला फक्त म्युऑनचं वस्तुमान पाहायचं असेल तर पार्टिकल नावाची एवढीशी लायब्ररी पुरते: पार्टिकल डेटा ग्रुपचा क्रमांक १३ द्या, म्युऑन मिळतो. (अवांतरात अवांतर: अधिक १३ म्हणजे ऋणभारित म्युऑन आणि उणे १३ म्हणजे धनभारित. विद्युतभार या क्रमांकाच्या चिन्हावरून काढणारे दरवर्षी भेटतात.)

जुनाखोंड

अनाथ होण्याची भीती मात्र पायथनपुरती नाही. जेड प्रयोगाची कथा ऐका. जर्मनीतल्या डेझी प्रयोगशाळेत पेट्रा या त्वरकावर १९७९ ते १९८६ या काळात हा प्रयोग चालला. पुढे नव्वदच्या दशकात सिद्धांत पुढे सरकले, तेव्हा त्या ऊर्जेचा डेटा पुन्हा हवासा झाला, कारण तीव्र बलाची तीव्रता ऊर्जेनुसार कशी बदलते हे पाहायला तोच पल्ला लागत होता. डेटा टेपांवर, कोड जुन्या मेनफ्रेमच्या फोर्ट्रानमध्ये आणि त्याच्याही एका बोलीत. टक्करींच्या प्रमाणाची नोंद तर फक्त छापील कागदांवर उरली होती, ती पुन्हा टंकावी लागली. काही थोड्या लोकांनी चिकाटीने ते सगळं जिवंत केलं आणि त्यातून नवे निकाल निघाले. पण भरवसा कशाचा होता? ती माणसं अजून हयात होती आणि त्यांना आठवत होतं.

म्हणून मला सर्वात मोलाची वाटते ती उघड लिहून ठेवलेली फाइल-रचना. रूट नसताना पायथनमध्ये अपरूट लिहिता आलं, हाच पुरावा की टीट्री बाहेरच्यालाही वाचता येते. टीट्रीचा वारस आरएनटपल, त्याच्या फाइल-रचनेची पहिली पक्की आवृत्ती २०२४ च्या अखेरीस आली, तर तिथे ती रचना सुरुवातीपासून दस्तऐवज म्हणून लिहिलेली आहे.

आकडेमोड

यात पायएचएफ ही पायथन लायब्ररी जोडतो. पूर्वी शोधनिबंधात एक आलेख आणि एक मर्यादा-रेषा छापून यायची, तिच्यामागचं पूर्ण सांख्यिकी मॉडेल प्रयोगाबाहेर कुणाला मिळायचं नाही. ते मॉडेल रूटच्या फाइलीत बंद असायचं. पायएचएफने त्याच प्रकारच्या मॉडेलची साधी जेसन मांडणी केली, आणि २०१९ पासून अ‍ॅटलसने काही शोधांची पूर्ण लाइकलिहूड अशा जेसनमध्ये हेपडेटा या सार्वजनिक संग्रहावर ठेवायला सुरुवात केली. आता कुणी सिद्धांती आपला नवा कण त्या मॉडेलमध्ये घालून 'हा आधीच बाद झालाय का' ते घरबसल्या तपासतो. जेसन तीस वर्षांनी कुणीही उघडेल. शंकासुर, तुमच्या शंकेचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

शंकासुर

जेसन उघडेल. त्यात लिहिलेलं समजेल का, हा निराळा धागा. पण मुद्दा पोचला.

कोडकीडा

मंडळी, म्युऑन-जोडीच्या वस्तुमानाचा आलेख आला! अपरूट आणि ऑकवर्डने केला, तुकड्या-तुकड्याने. मग उत्सुकतेपोटी आरडेटाफ्रेमनेही. दोन्ही हिस्टोग्राम खाना-न्-खाना जुळले, सांडलेल्यांसकट.

दोन्ही अक्षांवर लॉग घेतला आणि समोर डोंगररांगच. १ जीईव्हीच्या (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक) आसपास बारीक शिखरं, ३.१ ला एक उंच सुळका, त्याच्या उजवीकडे बुटकं पिल्लू, साडेनऊच्या पुढे एक रुंद टेकाड आणि ९१ ला झेड कण. झेडचं नाव तेवढं मला माहीत होतं. दोन प्रश्न आहेत. साडेनऊच्या तिथे पुस्तकात तीन शिखरं दाखवतात, माझं एकच का? आणि त्या टेकाडापासून झेडपर्यंतच्या उतारावर एक मोठा पसरट फुगवटा आहे. तो कुठल्याच यादीत नाही. नोबेल घ्यायला सूट शिवायला टाकू का?

तिरपागडे

टाका. मी टाळ्या वाजवायला येतो.

बायनरीबुवा

अभिनंदन! ३.१ म्हणजे जे/साय, १९७४ चा, ब्रुकहेवन आणि स्लॅक दोघांनी एकाच वेळी शोधलेला. त्याला दोनच वर्षांत नोबेल. साडेनऊचा अप्सिलॉन, फर्मिलॅब, १९७७. झेड सर्नमध्ये, १९८३.

तीन शिखरांचं उत्तर: अप्सिलॉन एक नाही, तीन आहेत, ९.४६, १०.०२ आणि १०.३६ जीईव्हीला. तुमचे खाने रुंद असतील तर ती एकमेकांत मिसळणारच. रूटच्या उदाहरणात ०.२५ ते ३०० जीईव्हीमध्ये ३०,००० खाने घेतलेत, ते उगाच नाहीत. तेवढं करूनही अंधुक दिसली तर दोन्ही म्युऑन डिटेक्टरच्या मधल्या नळकांड्यात आलेले घ्या, म्हणजे ईटाचं मूल्य लहान असलेले. टोकाकडे गेलेल्या म्युऑनचा संवेग तितक्या नेमकेपणाने मोजता येत नाही, त्यांना वगळलं की शिखरं सुटी होतात.

निमिषार्ध

सूट जरा थांबवा. फुगवटा कणाचा नाही, ट्रिगरचा असणार.

एलएचसी या सर्नच्या त्वरकात सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनचे झुबके एकमेकांतून जातात. सगळं लिहून ठेवणं अशक्य, म्हणून ट्रिगर तिथल्या तिथे निवड करतो. समजा अट अशी आहे की एका म्युऑनची पीटी निदान १७ आणि दुसऱ्याची ८ जीईव्ही. आता दोन म्युऑनच्या वस्तुमानाचं सूत्र: वर्ग = २ × दोन्ही पीटींचा गुणाकार × (ईटाच्या फरकाचा कॉश वजा फायच्या फरकाचा कोसाइन). दोघे पाठीला पाठ लावून सुटले आणि ईटा सारखी असली तर कंसात २ येतात. १७ × ८ = १३६, त्याची चौपट ५४४, वर्गमूळ सुमारे २३. म्हणजे त्याहून हलकी जोडी या अटीतून पार व्हायची तर दोघांना एकाच बाजूला कलावं लागतं, तशा जोड्या कमी. त्यामुळे २३ च्या खाली डेटा गळतो, वर भरपूर येतो, आणि त्यापुढे मुळातच उतार आहे. दोन्ही मिळून डोंगर दिसतो.

एकाच फाइलीत निरनिराळ्या अटींचे ट्रिगर मिसळलेले असतात, म्हणून आकार इतका स्वच्छ नसेल. पण खात्री करणं सोपं आहे. दोन्ही म्युऑनची पीटी २५ च्या वर अशी चाळणी स्वतः लावा. खरा कण असेल तर शिखर बुटकं होईल पण हलणार नाही.

कोडकीडा

लावली. फुगवटा सरळ ५० च्या आसपास जाऊन बसला. झेड जिथल्या तिथे. अप्सिलॉनही खाने बारीक करून आणि ईटा आवळून सुटे झाले, पहिला ठसठशीत, तिसरा जेमतेम.

आता जे/साय आणि झेड दोन्हींना वक्र बसवायचाय. दोघांनाही गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवून रुंदी काढली तर चालेल ना?

आकडेमोड

जे/सायला सुरुवातीपुरतं चालेल, झेडला नाही.

जे/सायची स्वतःची नैसर्गिक रुंदी सुमारे ९३ केईव्ही, म्हणजे ०.००००९३ जीईव्ही. तुमच्या आलेखात जी काही जाडी दिसते ती सगळी डिटेक्टरची. म्हणून तिथे गॉसियन. डावीकडे शेपूट राहील, कारण काही म्युऑन जाता जाता फोटॉन सोडतात आणि जोडीचं वस्तुमान कमी भरतं. त्यासाठी क्रिस्टल बॉल नावाचं फलन वापरतात. झेडची नैसर्गिक रुंदीच २.५ जीईव्ही, डिटेक्टरच्या धूसरपणाच्या तोडीची किंवा जास्त. तिथे ब्राइट-विग्नर (अल्पायुषी कणाच्या नैसर्गिक रुंदीचा वक्र) गॉसियनने धूसर करून, म्हणजे दोघांचं कॉन्व्होल्यूशन, ज्याला व्हॉइट म्हणतात, ते घ्यावं लागतं. सायपायमध्ये ते फलन तयार आहे, आयमिन्यूइटला द्या. रूटमध्ये करायचं तर रूफिट, ती मुळात बाबार प्रयोगासाठी लिहिली गेली आणि तिच्यात हे तयार मिळतं. झेडची नैसर्गिक रुंदी २.४९५ ला बांधून ठेवा आणि फक्त डिटेक्टरची मोकळी सोडा. दोन्ही मोकळ्या सोडल्यात तर त्या एकमेकींना ढकलत बसतील आणि मिग्राड 'जमलं' म्हणून सांगेल तेव्हाही हेसेचा परस्परसंबंधाचा तक्ता आधी पाहा.

पार्श्वभूमीला घातांकी उतार पुरेल. ३.६९ चं ते पिल्लू, साय(२एस), त्याला मात्र फिटच्या पल्ल्याबाहेर ठेवा, नाहीतर उतार त्याच्याकडे ओढला जाईल.